निळा कुत्रा, फास्टर फेणे आणि आठवीचा वर्ग



मागच्या पालकसभेत एका वडिलांनी सरळच विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलांना वर्गात डिटेक्टिव्ह गोष्टी वाचायला लावता म्हणे. परीक्षेला येतात का त्या?" सगळे हसले, मीही हसले. पण प्रश्न खरा होता. पनवेलसारख्या गावात, जिथे दर दुसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी आहे, तिथे पालकांना वेळेचा हिशोब विचारावासा वाटणारच. त्या दिवशी उत्तर अर्धवटच दिलं. उरलेलं इथे लिहिते. पाठ घेताना माझं कुठे चुकलं तेही सांगते, म्हणजे तुम्ही हा पाठ घ्याल तेव्हा ती चूक टाळता येईल.

आधी एक कबुली. रहस्यकथा हा आपल्याकडे लपवून वाचायचा प्रकार होता. बाबुराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार आणि काळापहाड ही नावं आमच्या आजोबांच्या पिढीला पाठ होती, पण घरात ती पुस्तकं क्रमिक पुस्तकाच्या आत ठेवून वाचली जायची. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. वाचनालयात या पुस्तकांची पानं सुटेपर्यंत ती फिरायची आणि समीक्षेच्या पुस्तकात मात्र त्यांना एक परिच्छेद मिळायचा, तोही 'रंजनप्रधान' या एका शब्दात आटपलेला. हा शब्द मला कधीच पटला नाही. ज्या गोष्टीत कुणीतरी खोटं बोलतंय आणि ते शोधून काढायचं आहे, ती फक्त रंजन कशी करेल?

आठवीसाठी मी फास्टर फेणे निवडला. कारण साधं आहे, तो मुलांच्या वयाचा आहे. भास्कर रामचंद्र भागवतांचा हा बनेश फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात विद्याभवनात, अंगाने काडी, बुडाखाली सायकल आणि तोंडात 'टॉक्'. भा. रां.नी (जन्म १९१०, मृत्यू २००१) ही मालिका साठच्या दशकापासून लिहिली आणि ती वीसेक पुस्तकांपर्यंत गेली. मोठ्यांना त्यात फक्त धावपळ आठवते. परत वाचून बघा, काळ सगळीकडे डोकावतो. १९६२ च्या चीनच्या युद्धाच्या वेळी हा मुलगा सीमेवर जाऊन पोचतो. एका पुस्तकाचं नावच 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे' असं आहे. आजच्या मुलांना 'विमान कसं चोरतात?' असा प्रश्न पडतो. मग त्यांना सांगावं लागतं की जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' नावाचं भारतीय विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेलं होतं, आणि त्या काळात विमान पळवणं ही वर्तमानपत्रात वरचेवर दिसणारी बातमी होती. म्हणजे मुलांसाठी लिहिणारा माणूस पेपर बाजूला ठेवून लिहीत नव्हता.

इथे पहिला तास संपतो. मुलांना घरी एकच काम द्या: आजीआजोबांना किंवा शेजारच्या काकांना विचारा की त्यांनी कुठली रहस्यकथा वाचली आणि त्यातला चोर कशाची चोरी करत होता. आमच्या वर्गात जी यादी जमली ती मजेशीर होती. हिरे, सोन्याची बिस्किटं, तस्करीचं घड्याळ, नकली नोटा, रेशनचं धान्य. फळ्यावर लिहिल्यावर एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आता घड्याळ कोण चोरून आणेल?" हाच तर मुद्दा. त्या काळी काय महाग होतं, काय दुर्मिळ होतं, कशावर बंदी होती, हे चोराच्या पिशवीतून कळतं. इतिहासाच्या पुस्तकात आयातबंदीचा धडा नसला तरी रहस्यकथेत तो आहे.

दुसऱ्या तासाला मी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'फास्टर फेणे' चित्रपटाची गोष्ट सांगितली. आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, अमेय वाघ बनेशच्या भूमिकेत, आणि गंमत म्हणजे दिलीप प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत. (आमच्या वयाच्या लोकांना दूरदर्शनवरचा सुमीत राघवन आठवतो, तो वेगळा.) चित्रपट वर्गात दाखवला नाही, त्यात मृत्यू आणि मारामारी बरीच आहे. पण कथानक बघा: बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, परीक्षेला भेटलेल्या एका मुलाचा मृत्यू होतो, सगळे त्याला आत्महत्या म्हणतात, आणि शोध घेता घेता परीक्षेतला मोठा गैरव्यवहार बाहेर येतो. सोन्याच्या बिस्किटांच्या जागी आता काय आलं? प्रवेश. डॉक्टर व्हायची एक जागा. चोराच्या पिशवीत आज ती आहे.

मुलं गप्प झाली. आठवीतली निम्मी मुलं 'फाउंडेशन' नावाच्या क्लासला जातात, त्यांच्या घरी हा शब्द रोज आहे. मग कुणीतरी २०२४ च्या नीटचा विषय काढला. ५ मे २०२४ ला झालेल्या त्या परीक्षेचा पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला होता हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, फेरपरीक्षेचा आदेश मात्र दिला नाही. तपासाचे धागे आपल्या लातूरपर्यंत आले होते. त्याच वर्षी जूनमध्ये सार्वजनिक परीक्षांतले गैरप्रकार रोखणारा केंद्राचा कायदाही लागू झाला. एका मुलाने विचारलं, "मग चित्रपटवाल्यांना आधीच कसं कळलं?" त्यांना कळलं नव्हतं, त्यांनी आजूबाजूला नीट पाहिलं होतं. मी तसंच सांगितलं.

इथे शिक्षकांसाठी थोडं विषयांतर. रहस्यकथांच्या मालिकेतून समाजाची तपासणी करायची, असं ठरवून करणारं जोडपं स्वीडनमध्ये होऊन गेलं. माय शोवाल आणि पेर वालू. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या, एक प्रकरण याने, एक तिने. दहाही पुस्तकं मिळून एकच मोठी कादंबरी, आणि तिचा विषय एकच: स्वतःला कल्याणकारी म्हणवणाऱ्या देशात कोण मागे राहतं. १९६८ च्या त्यांच्या एका कादंबरीची सुरुवात व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनाने होते. शहरातले पोलीस अमेरिकी वकिलातीसमोर निदर्शकांना आवरण्यात गुंतलेले, आणि त्याच रात्री दुसरीकडे एका दुमजली बसमध्ये नऊ माणसांवर गोळ्या झाडल्या जातात. लेखकांनी कुठेही भाषण दिलेलं नाही. पोलीस कुठे होते आणि गुन्हा कुठे घडला, एवढं शेजारी शेजारी ठेवलं. ही पुस्तकं शाळकरी मुलांच्या हातात देऊ नका, ती मोठ्यांची आहेत. पण आपण वाचली तर वर्गात प्रश्न कसा विचारायचा ते सुचतं.

मुलांना द्यायचा असेल तर फेलूदा आहे. सत्यजित राय यांचा हा गुप्तहेर अशोक जैन यांनी मराठीत आणला, रोहन प्रकाशनाचे ते छोटे छोटे भाग बहुतेक वाचनालयांत सापडतील. त्यातली १९७३ ची एक गोष्ट चक्क आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात घडते. भुवनेश्वरच्या देवळातलं यक्षीचं मस्तक चोरून परदेशी माणसाला विकलं जातं आणि त्या टोळीच्या मागावर फेलूदा महाराष्ट्रात येतो. पुरातन वस्तू परदेशी नेण्यावर बंधनं घालणारा कायदा १९७२ चा. गोष्ट आणि कायदा यांच्यात एका वर्षाचं अंतर! इतिहासाच्या शिक्षकांनी हा धागा उचलावाच. आमच्या मुलांनी लगेच विचारलं, "कर्नाळ्यावर काही चोरण्यासारखं आहे का?" तो वेगळा लेख होईल.

आता मुख्य पाठाकडे. तिसऱ्या तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं:

ऑगस्ट २०१७. तळोज्यात निळ्या रंगाचे कुत्रे दिसले.

खाली काही नाही. मुलं आधी हसली. ही घटना घडली तेव्हा ती बालवाडीत होती, त्यामुळे कुणालाच माहीत नव्हती. कळंबोलीहून, नावड्याहून येणाऱ्या मुलांनाही नाही. मी म्हटलं, तुम्ही फास्टर फेणे. प्रश्न विचारा, मी फक्त हो, नाही किंवा 'तपास करा' एवढंच म्हणेन.

"होळीचा रंग?" महिना बघ. "मॅडम, कुणी मुद्दाम रंगवले?" तपास करा. "सगळे कुत्रे की एकच?" एकापेक्षा जास्त. "पांढरे कुत्रेच निळे दिसणार ना, काळा कुत्रा निळा झाला तर कळणारच नाही!" हा प्रश्न ऐकून मला इतका आनंद झाला की तास तिथेच संपवावा असं वाटलं. कारण हा पुराव्याबद्दलचा प्रश्न आहे. जेवढं दिसलं तेवढंच घडलं असं नसतं, हे त्या मुलाला आपोआप सुचलं.

यासाठी फळ्याचे तीन भाग करा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. मुलं जे बोलतील ते कुठल्या रकान्यात जाईल हे त्यांनीच ठरवायचं. 'कंपनीवाले पाणी सोडतात' हे वाक्य पहिल्या झटक्यात सगळ्यांनी 'पाहिलं'मध्ये टाकलं. विचारलं, कुणी पाहिलं? एकही हात वर नाही. ते 'ऐकलं'मध्ये गेलं. 'नदीला वास येतो' हे मात्र तिघांनी खरोखर अनुभवलेलं होतं. वास 'पाहिलं'मध्ये घालायचा का, यावर पाच मिनिटं भांडण झालं. होऊ द्या.

मग हळूहळू माहिती दिली. तळोजा औद्योगिक वसाहतीतून कासाडी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. कुत्रे खाणं शोधत पाण्यात, कारखान्यांच्या आवारात हिंडतात. प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांनी त्या निळ्या कुत्र्यांचे फोटो काढले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली, फोटो देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून आले, आणि मंडळाने निळा रंग वापरणारा एक कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. रंग पाण्यातून लागला की हवेतल्या भुकटीतून, यावर वर्गात दोन पक्ष पडले. दोन्ही पक्षांना मी विचारलं की तुमचं म्हणणं खरं की खोटं हे कशावरून ठरेल? एका मुलीने सांगितलं, "पोट आणि पाय जास्त निळे असतील तर पाणी, पाठ जास्त निळी असेल तर हवा." शेरलॉक होम्सची रौप्यवर्णी घोड्याची गोष्ट (१८९२) तुम्हाला आठवत असेल, तिथे रात्री न भुंकलेला कुत्रा हाच पुरावा ठरतो. आमच्या मुलीने कुत्र्याची पाठ आणि पोट वेगळं केलं. मला तरी ती होम्सच्या जवळपासची वाटली.

यानंतर मी एक प्रश्न ठेवला, जो तुम्हीही जरूर ठेवा: हे कुत्रे निळे व्हायच्या आधी नदी स्वच्छ होती का? नव्हती. खाडीत मासेमारी करणारे कोळी मासे कमी झाल्याचं आणि पाणी बिघडल्याचं त्याआधीपासून सांगत होते. कासाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. मग आधीच्या तक्रारींपेक्षा निळ्या कुत्र्याच्या फोटोने काम लवकर का झालं? मेलेला मासा रोजचा होता, निळा कुत्रा कुणी पाहिला नव्हता. रहस्यकथेतही असंच होतं बघा. खरा धागा पहिल्या प्रकरणातच म्हातारा नोकर सांगून गेलेला असतो, पण त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, कारण तो म्हातारा नोकर असतो. 'आपल्या गोष्टीतला म्हातारा नोकर कोण?' असं विचारलं तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आलं, "माझी आजी." करंजाड्याच्या बाजूची, कोळी घरातली मुलगी. आजवर तिने वर्गात स्वतःहून तोंड उघडलं नव्हतं.

आणि आता माझी चूक.

मी तास संपवताना म्हटलं, "तर गुन्हेगार सापडला, कारखाना बंद झाला, केस खतम." रहस्यकथेसारखा शेवट, टाळ्या. तेव्हा दुसऱ्या रांगेतला एक मुलगा उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा तळोज्यात केमिकलमध्ये आहेत. कंपनी बंद झाली की त्यांचं काय?"

घंटा झाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'उद्या बोलू' म्हणून मी सुटका करून घेतली, पण घरी जाताना रिक्षात मला लाज वाटत होती. मी मुलांना इतका वेळ पुरावा, पुरावा म्हणत होते आणि स्वतः मात्र एका वाक्यात गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते. वर्गात कोण बसलंय याचा विचारच केला नाही. पनवेलच्या कुठल्याही वर्गात तळोज्याच्या पगारावर चालणारी घरं असतात, आणि खाडीवर चाललेली घरंही असतात. कधी कधी एकाच बाकावर.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच मी त्या मुलाला म्हटलं, काल तू विचारलंस ते मी विसरले होते, माझं चुकलं. मग वर्गाला सांगितलं की केस बंद करू नका. गुन्हा एकाने केला असेल, पण तो घडू देणारे किती? रंगाचं पाणी शुद्ध करण्याचा खर्च कुणी वाचवला? तपासणी कुणी करायची होती, ती झाली का? स्वस्त वस्तू कुणाला हवी असते? बंद पडल्यावर पगार कुणाचा थांबतो, मालकाचा की रोजंदारीवाल्याचा? इथे त्या स्वीडिश जोडप्याची पुस्तकं मला उपयोगी पडली. त्यांच्या गोष्टींत हातात बेड्या पडलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यात मोठा अपराधी नसतोच.

त्या मुलाने घरी जाऊन वडिलांना विचारलं. वडिलांनी सांगितलेलं त्याने वहीत लिहून आणलं, ते मी त्याच्या परवानगीने वाचून दाखवलं. वडिलांचं म्हणणं थोडक्यात असं की पाणी घाण झालं तर पहिला त्रास आतल्या माणसालाच होतो, हात त्यांचेच सोलतात, पण बोलायची सोय नसते. कोळी मुलगी हे ऐकून त्याच्याकडे बघत होती.

वर्गात असा विषय घेताना मी दोन पथ्यं पाळते. कारखान्याचं, पुढाऱ्याचं, पक्षाचं नाव घ्यायचं नाही. 'कोण'पेक्षा 'कसं' शोधायचं. मुलं घरून नावं घेऊन येतात, ती 'ऐकलं' या रकान्यात जातात आणि तिथेच राहतात. आणि दुसरं, कुणालाही नदीवर किंवा कारखान्याजवळ 'तपासाला' पाठवायचं नाही. फास्टर फेणे सायकल काढून निघतो, आपल्या मुलांनी निघायचं नाही. हे स्पष्ट सांगा, कारण आठवीतली मुलं निघतात! आम्ही त्याऐवजी माहितीचा अधिकार शिकलो. २००५ चा कायदा, साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर. कथेतला हेर खिशातून पिस्तूल काढतो, आपल्याकडे दहा रुपयांचा स्टॅम्प आहे, असं म्हटल्यावर मुलं हसली, पण सरावाचे अर्ज सगळ्यांनी लिहिले. पत्रलेखनाचा तो सर्वात चांगला तास झाला. मायना, विषय, मुद्देसूद प्रश्न, सही, तारीख. परीक्षेला येतं का, असं विचारणाऱ्या त्या वडिलांना हे नक्की सांगा: औपचारिक पत्र येतं.

भाषेच्या अंगाने आणखी एक फायदा झाला. 'बहुधा', 'कदाचित', 'नक्कीच', 'असं दिसतं की', 'त्यावरून' हे शब्द मुलांच्या लिखाणात एरवी येत नाहीत. त्यांची वाक्यं 'आणि मग', 'आणि मग' करत चालतात. तर्क मांडायचा म्हटल्यावर हे शब्द लागले आणि आले. व्याकरणाच्या तासाला संकेतार्थी वाक्य शिकवताना मी आता 'पाऊस पडला असता तर'च्या पुढे जाऊन 'पाठ निळी असती तर' हेच उदाहरण देते.

पालकांसाठी थोडं. मूल रहस्यकथा वाचत असेल तर 'हे संपव आणि अभ्यासाला बस' म्हणण्याआधी एकदा विचारा, तुला कुणाचा संशय आहे? शेवटचं प्रकरण वाचायच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना फास्टर फेणे आणि फेलूदा निर्धास्त द्या. शिरवळकर वगैरे नववी-दहावीनंतर, आणि आधी स्वतः चाळून. वाचनालयात पुस्तक जुनं, पान सुटलेलं मिळालं तर परत करू नका. आमच्याकडे एका पुस्तकाची शेवटची चार पानं गायब होती, त्यावर मुलांनी जे शेवट लिहिले ते मूळ शेवटापेक्षा वाईट नव्हते.

चौथ्या तासाला मुलांनी गटात निळ्या कुत्र्याची गोष्ट पूर्ण केली. बेचाळीस मुलं, सात गट. तीन गोष्टींत शेवटी पोलीस आले, एकीत बॉम्बही फुटला (असं होतंच). एका गटाने गोष्ट कुत्र्याच्या तोंडून सांगितली, त्याला फक्त आंघोळ नको होती. पण एका गटात ती कोळी मुलगी आणि तो तळोज्याचा मुलगा एकत्र होते. मी मुद्दाम बसवले नव्हते, हजेरी क्रमांकाने आले. त्यांच्या गोष्टीत हेर म्हणजे एक आजी. ती रोज पहाटे खाडीवर जाते, पाण्याचा रंग बघते आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारते. निळं पाणी आलं की एक रेघ. कारखान्यातला एक कामगार शिफ्ट सुटल्यावर तिच्या रेघा आपल्या शिफ्टच्या वहीशी ताडून बघतो, आणि दोघांच्या तारखा जुळतात.

गोष्ट तिथेच थांबली होती. मी विचारलं, "पुढे काय होतं? तक्रार करतात का?"

मुलगा म्हणाला, "अजून ठरलं नाही मॅडम. ती म्हणते करतात. मी म्हणतो, आधी पप्पांना दुसरी नोकरी मिळू दे."

मी त्यांना आणखी एक तास दिला आहे.